विळ्याचा निळा रंग: दहावीनंतर प्रकाशलहरी आणि धातू हातानं शिकताना

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) वर्गात पहिल्यांदा ‘डिफ्रॅक्शन’ हा शब्द ऐकतं आणि तो वहीत कसा लिहायचा याच विचारात पुढची दहा मिनिटं घालवतं. तोवर फळ्यावरचं सूत्र पुसलेलं असतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलामुलींची ही अडचण मी बावीस वर्षं बघते आहे. अडतो तो शब्द. ज्या गोष्टीचा तो शब्द आहे ती त्यांच्या घरात, शेतात, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लोहाराच्या भट्टीत रोज घडत असते.

म्हणून हा लेख. यात चार बैठका आहेत. प्रत्येकीला एक दुपार पुरते. पहिलीत प्रकाशाची तरंगलांबी मोजायची, दुसरीत तापलेल्या पोलादाचे रंग बघायचे, तिसरीत धातूंची उतरंड लावायची आणि चौथीत प्रकाशाकडूनच धातूची ओळख विचारायची. क्रम बदलू नका, कारण पहिलीत तयार केलेला सीडीचा तुकडा चौथीत लागणार आहे आणि दुसरीत पडलेलं कोडं तिसरीत सुटणार आहे.

आधी सामान. एक जुनी सीडी, पॅकिंगची रुंद टेप, तांबड्या प्रकाशाचा साधा लेझर, बुटांचा खोका, दाढीचं ब्लेड, हॅकसॉचं मोडकं पातं, पॉलिश पेपर, पक्कड, स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तुकड्यांनी मिळते. तिच्यावर लाखेसारखा पारदर्शक थर असतो, तो पॉलिश पेपरनं पुरता खरवडून काढा, नाहीतर तिसऱ्या बैठकीत तार काहीच करणार नाही आणि कारण मात्र भलतंच असेल. खिळे काळे घ्या, चकचकीत नकोत, कारण चकचकीत खिळ्यांवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. मोरचूद आणि झिंक सल्फेट खतं-औषधांच्या दुकानात मिळतं. जस्ताची पट्टी आणि मॅग्नेशियमची फीत शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणा. जस्तासाठी जुने सेल फोडू नका.

दुकानदार कन्नड बोलणारा असला तर लोखंडाला ‘कब्बिण’ आणि तांब्याला ‘ताम्र’ म्हणा, काम भागतं. आणि एक गोष्ट मुलांना सांगायला मला फार आवडते: ज्याला मराठीत विवर्तन (बारीक फटीतून जाताना प्रकाशाचं वळून पसरणं) म्हणतात त्याला कन्नडात ‘विवर्तने’ म्हणतात, आणि व्यतिकरण (लहरींनी एकमेकींना बळ देणं किंवा खोडणं) हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. वहीत तीन रकाने आखा आणि तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहा: विवर्तन, विवर्तने, डिफ्रॅक्शन. व्यतिकरण, व्यतिकरण, इंटरफेरन्स. महिन्याभरात कुठलाच रकाना परका वाटत नाही.

पहिली बैठक: सीडीनं लहर मोजणे

लेझरबद्दल दोन गोष्टी आधी. जत्रेत मिळणाऱ्या लेझरवर ताकद लिहिलेली नसते आणि हिरवे तर बऱ्याचदा दिसतात त्याहून जास्त घातक असतात. पाच मिलिवॉटपेक्षा कमी असं लिहिलेला तांबडा लेझरच घ्या, शिक्षकांसमोर वापरा, आणि तो डोळ्यांच्या उंचीवर कधीच धरू नका. घड्याळाची काच, स्टीलचा डबा, आरसा समोर असता कामा नये.

आता सीडीच्या छापील बाजूवर ब्लेडनं एक चीर द्या, त्यावर टेप घट्ट चिकटवा आणि एका झटक्यात ओढा. चकाकणारा पापुद्रा टेपबरोबर निघून येतो. हा पापुद्रा म्हणजे बहुतेक सीडींत अॅल्युमिनियमच असतं, इतकं पातळ की ते दिव्यासमोर धरलं तर पलीकडचा उजेड अंधुक दिसतो. मागे राहते ती पारदर्शक चकती. तिच्यावर १.६ मायक्रोमीटर अंतरानं वर्तुळाकार रांगा आहेत, म्हणजे एका मिलिमीटरात ६२५. चकतीच्या कडेकडचा रुपयाएवढा तुकडा कात्रीनं कापून घ्या. कडेला रांगा जवळपास सरळ असतात.

तुकडा पुठ्ठ्याच्या खिडकीत बसवा आणि भिंतीपासून बरोबर ५० सेंटिमीटरवर उभा करा. लेझर पुस्तकांच्या चवडीवर ठेवून त्याची तिरीप तुकड्यावर सरळ पाडा. भिंतीवर मधला ठिपका येईल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. मधल्यापासून बाजूच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. दोन्ही बाजूंचं मोजा आणि सरासरी घ्या, कारण तुकडा थोडा तिरका बसलाच असणार.

समजा हे अंतर २२.२ सेंटिमीटर आलं. तुकड्यापासून बाजूच्या ठिपक्यापर्यंतची तिरकी रेघ पायथागोरसनं काढा: ५० चा वर्ग अधिक २२.२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ५४.७ सेंटिमीटर. २२.२ भागिले ५४.७ म्हणजे ०.४०६. ही सरळ आणि तिरक्या रेघेमधल्या कोनाची साइन. तिला रांगांमधल्या अंतरानं, म्हणजे १.६ नं गुणा: ०.६५ मायक्रोमीटर, म्हणजे ६५० नॅनोमीटर. तांबड्या लेझरवर बहुधा हाच आकडा छापलेला असतो.

इथे थांबा आणि काय केलंत ते बघा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान गोष्ट तुम्ही शाळेच्या पट्टीनं मोजलीत. हे जमलं कारण शेजारच्या दोन रांगांतून निघालेल्या लहरींपैकी एक दुसरीपेक्षा बरोबर एका तरंगलांबीनं मागे पडली की त्या एकमेकींना बळ देतात, आणि तिथेच ठिपका उमटतो. मधल्या काळोख्या जागेत त्या एकमेकींना खोडतात. पुस्तकातलं सूत्र एवढंच सांगतं: रांगांमधलं अंतर गुणिले कोनाची साइन बरोबर क्रमांक गुणिले तरंगलांबी. पहिल्या ठिपक्याचा क्रमांक १, दुसऱ्याचा २. दुसरा ठिपका शोधायचा असेल तर जवळजवळ ७० सेंटिमीटर बाजूला बघा, तो फिका असतो.

वेळ उरला तर उलटं करा. आता तरंगलांबी माहीत आहे, तेव्हा तिनंच दुसरं काही मोजा. शहापूर, वडगाव, खासबाग भागात ज्यांच्या घरी माग आहे त्यांनी बारीक विणीच्या साडीचा तुकडा घ्यावा. लेझर त्यातून तीन मीटर दूरच्या भिंतीवर पाडला की ठिपक्यांची फुली दिसते, एक रांग ताण्यामुळे आणि एक बाण्यामुळे. ठिपक्या-ठिपक्यातलं अंतर एक सेंटिमीटर असेल तर धाग्या-धाग्यातलं अंतर ०.१९५ मिलिमीटर येतं, म्हणजे इंचाला १३० धागे. मग मागावर बसणाऱ्या काकांना इंचात किती धागे घेतले ते विचारा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी उत्तर ऐकून तिच्या हातातला लेझर घेतला आणि घरातल्या सगळ्या साड्यांवर तो पाडून बघितला.

दुसरी बैठक: पोलादाचे रंग

ही माझी सगळ्यात आवडती बैठक, म्हणून थोडी सविस्तर.

लोहार विळा किंवा छिन्नी करताना आधी पोलाद लालभडक तापवतो आणि पाण्यात बुडवतो. त्यानं ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग तो पातं घासून पांढरं करतो आणि पुन्हा हलकं तापवतो. तेव्हा पात्यावर रंग चढायला लागतात: आधी गवतासारखा फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग गर्द निळा. हव्या त्या रंगाला तो पातं पुन्हा पाण्यात घालतो. खानापूर भागातल्या एका लोहारमामांनी मला सांगितलं होतं, “बाई, रंगाकडंच बगायचं. निळ्याच्या फुडं गेलं की विळा मऊ पडतोय, मग तो दगडावर घासून बी काय उपेग न्हाई.” फिका पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला, जांभळा २७५–२८० ला आणि निळा ३०० च्या आसपास येतो. त्यांच्याकडे तापमापक नव्हता आणि लागतही नव्हता.

हे रंग कुणी लावलेले नाहीत. लोखंडाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ऑक्साइडचा पातळ थर धरतो, जेमतेम काही दहा नॅनोमीटर जाडीचा. काही प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही आत जाऊन धातूवरून परततो. या दोन लहरी भेटतात तेव्हा जो रंग नेमका खोडला जातो तो वजा होऊन उरलेला प्रकाश आपल्याला दिसतो. थर अगदी पातळ असताना सगळ्यात आखूड लहर, म्हणजे जांभळी-निळी, खोडली जाते. पांढऱ्यातून निळा गेला की पिवळसर उरतो. थर वाढला की हिरवा खोडला जातो आणि जांभळा उरतो. आणखी वाढला की पिवळा-तांबडा खोडला जातो आणि निळा उरतो. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोरच्या ओल्या रस्त्यावर तेलाचे रंग दिसतात तेही असेच. म्हणजे लोहारमामा रंग बघत होते तेव्हा ते नॅनोमीटरमध्ये थराची जाडी वाचत होते. पुस्तकात याला थिन फिल्म इंटरफेरन्स म्हणतात.

करायचं कसं? हॅकसॉच्या पात्याचा बोटभर तुकडा घ्या. त्यावरचा रंग पॉलिश पेपरनं काढून धातू चकचकीत करा आणि नंतर बोट लावू नका, बोटाच्या तेलाचा डाग रंगात उठून दिसतो. एक टोक पकडीत धरा, दुसरं टोक गॅसच्या छोट्या ज्योतीच्या कडेला न्या. घाई केली तर सगळे रंग दोन सेकंदांत पळून जातात आणि राखाडी उरतं. टोक जरा आत, जरा बाहेर असं करत राहा. रंगांचे पट्टे तापलेल्या टोकाकडून थंड टोकाकडे चालू लागतील, पुढे पिवळा, त्याच्यामागे तपकिरी, जांभळा, निळा. मनासारखा पट्टा आला की बाजूला घ्या आणि विटेवर निवू द्या. गरम धातू थंड धातूसारखाच दिसतो, पाच मिनिटं हात लावू नका. तुकडा वहीत चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा.

आता खरी तुलना. तशीच चकचकीत केलेली तांब्याची पट्टी किंवा ठोकून चपटी केलेली जाड तार तापवा. तांबं लोखंडापेक्षाही लवकर रंग बदलतं, नारिंगी, गुलाबी-जांभळं होतं आणि बघता बघता काळपट पडतं. मग अॅल्युमिनियमचा जाडसर तुकडा घ्या. काहीच होत नाही. तो पांढरा तो पांढराच. ज्योतीत फार वेळ धरू नका, ६६० अंशांना अॅल्युमिनियम वितळतं आणि पातळ फॉइल तर लगेच गळते.

नुसत्या रंगावरून निकाल दिला तर तांबं सगळ्यात चपळ, लोखंड मधलं आणि अॅल्युमिनियम सगळ्यात सुस्त ठरेल. पुस्तकात बरोबर उलटा क्रम आहे. दरवर्षी कुणीतरी विचारतं, “बाई, पुस्तकात चुकलंय काय?” हा प्रश्न वहीत ठळक लिहून ठेवा आणि तिसऱ्या बैठकीला बसा.

तिसरी बैठक: मोरचूद आणि धातूंची उतरंड

माझं बालपण अथणी तालुक्यातल्या द्राक्षाच्या मळ्यात गेलं. बागेवर बोर्डो मिश्रण फवारायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. आप्पा ते प्लॅस्टिकच्या पिंपात करायचे, लोखंडी बादली जवळ येऊ द्यायचे नाहीत. मिश्रण तयार झालं की घासून लख्ख केलेल्या विळ्याचं पातं त्यात थोडा वेळ बुडवायचे. “तांबडं पडलं गं, अजून चुन्याची निवळी आण,” असं म्हणाले की मी पळायची. पातं पांढरं निघालं की फवारणी सुरू. द्राक्षाच्या पट्ट्यात ही परीक्षा आजही चालते.

आप्पांच्या विळ्यावर चढणारा तांबडा थर म्हणजे शुद्ध तांबं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील, म्हणून लोखंड स्वतः द्रावणात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. चुना पुरेसा पडला की मोकळं तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधलं जातं, लोखंडाला काढायला काही उरत नाही, आणि पातं पांढरं राहतं. मोकळं तांबं पानांना भाजतं, म्हणून ही परीक्षा. लोखंडी बादली का नको तेही यातच आलं.

तेच आता पेल्यात करा. चार काचेचे पेले घ्या, जे पुन्हा कधीही पिण्याला वापरायचे नाहीत. मोरचूद पोटात गेलं तर विषारी आहे. हातमोजे घाला, लहान भावंडांना दूर ठेवा. १०० मिलिलिटर पाण्यात एक चमचा मोरचूद विरघळवा आणि चारही पेल्यांत थोडं थोडं ओता. पहिल्यात घासलेला लोखंडी खिळा, दुसऱ्यात जस्ताची पट्टी, तिसऱ्यात तांब्याची तार, चौथ्यात अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा.

जस्तावर लगेच काळपट तपकिरी, स्पंजासारखं काहीतरी जमू लागतं. रंगानं फसू नका, तेही तांबंच आहे, फक्त भुसभुशीत. खिळा पाव तासात तांबूस होतो आणि रात्रभर ठेवला तर द्रावणाचा निळा रंग फिका होऊन हिरवटपणाकडे झुकतो. तांब्याच्या तारेला काही होत नाही. चौथा पेला बघा: फॉइल तशीच चमकते आहे.

या चौथ्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाका आणि ढवळा. काही मिनिटांत फॉइलवर ठिपके उमटतात, बुडबुडे येतात, तपकिरी तांबं गळून तळाशी बसतं आणि पेला हाताला गरम लागतो. म्हणूनच द्रावण थोडंच घ्यायचं. शेवटी फॉइलची जाळी होते.

मिठानं अॅल्युमिनियमला ताकद दिली नाही, ती त्याच्यात होतीच. अॅल्युमिनियम हवेत आलं की क्षणात त्याच्यावर तीन-चार नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो इतका घट्ट असतो की पुढची वाट बंद होते. मिठातला क्लोराइड त्या पापुद्र्याला भोकं पाडतो. दुसऱ्या बैठकीतल्या प्रश्नाचं उत्तर हे. ज्योतीवरही अॅल्युमिनियमचा थर प्रकाशाला रंग दाखवण्याइतका जाड होतच नाही, म्हणून ते पांढरं दिसतं. लोखंड आणि तांब्याचे थर मात्र वाढत राहतात.

धातूंची तुलना करताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवायचे: धातूला संयोग करण्याची ओढ किती, आणि त्यासाठी वाट किती मोकळी. परीक्षेत क्रियाशीलता श्रेणी विचारतात ती ओढीची. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसं, मग हायड्रोजन, त्याच्याखाली तांबं, चांदी, सोनं. वाटेचा प्रश्न परीक्षेत क्वचित येतो, पण भांडी, पत्रे, गाड्या आणि बेळगावच्या यमनापूरच्या कारखान्यातून निघणाऱ्या अॅल्युमिनापासून (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडपासून) बनलेला धातू हे सगळं त्याच्यावर टिकून आहे.

श्रेणी पाठ करण्याआधी आणखी दोन पेले भरा. झिंक सल्फेटच्या पाण्यात लोखंडी खिळा टाका. काहीही होत नाही. जस्त लोखंडाच्या वर आहे, हे आता दोन्ही बाजूंनी पक्कं झालं. दुसऱ्या पेल्यात घरचं व्हिनेगर घ्या आणि मॅग्नेशियमची फीत, जस्त, खिळा, तार एकेक करून बुडवा. फीत फसफसते, जस्त आणि लोखंड सावकाश, तार गप्प, कारण ती हायड्रोजनच्या खाली आहे. संडास धुण्याचं अॅसिड यासाठी आणू नका.

आजीच्या पितळी भांड्यात ताक कळकतं आणि कल्हईच्या भांड्यात कळकत नाही, त्याचं कारणही तुम्हाला आता सांगता येईल. ताकातल्या आम्लाला आणि हवेला मिळून पितळेतलं तांबं थोडं थोडं खाता येतं. कथिलाचा थर मध्ये आला की ते थांबतं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईवाल्याला भात्याची साधी भट्टी पुरायची. नवसागर टाकून उठणारा तो पांढरा धूर भांड्यावरचा ऑक्साइड काढण्यासाठी असायचा, म्हणजे पुन्हा वाट मोकळी करण्यासाठीच. जस्ती पत्र्याला ओरखडा पडला तरी खानापूरच्या पावसात तो वर्षानुवर्षं गंजत नाही, कारण लोखंडाच्या आधी जस्त झिजतं. कथिलाचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या डब्याला ओरखडा पडला तर मात्र तिथे गंज लवकर धरतो. का, ते श्रेणीत कथील आणि लोखंड कुठे आहेत ते बघून तुम्हीच लिहा.

उरलेलं मोरचूदचं पाणी मोरीत किंवा विहिरीच्या काठी ओतू नका. त्यात जुने खिळे टाकून दोन दिवस ठेवा, निळा रंग गेला की तांबं खाली बसलेलं असतं. मग चुन्याची निवळी घालून गाळ बसू द्या आणि गाळ वेगळा बांधून शाळेच्या प्रयोगशाळेत द्या.

चौथी बैठक: खोक्यातून धातू ओळखणे

बुटांचा खोका साधारण ३० सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या एका आखूड भिंतीत, एका कडेपासून दोन सेंटिमीटरवर, उभी खिडकी कापा आणि ब्लेडचे दोन अर्धे चिकटवून केसाएवढी फट ठेवा. समोरच्या भिंतीत, त्याच कडेपासून दोन सेंटिमीटरवर, डोळ्यासाठी भोक पाडा आणि आतून पहिल्या बैठकीतला सीडीचा तुकडा लावा, रांगा फटीला समांतर राहतील असा. तुकडा नीट बसला की फटीच्या बाजूला आडवा रंगपट्टा दिसतो. वरखाली दिसला तर तुकडा नव्वद अंशांनी फिरवा.

फटीच्या भिंतीवर, फटीच्या उंचीच्या जरा वर, टाचणीनं एकेक सेंटिमीटरवर भोकं पाडा. बाहेरचा उजेड त्यांतून येऊन चमकती मोजपट्टी तयार होते. सूर्याकडे हा खोका कधीही रोखू नका, फट कितीही बारीक असली तरी.

आधी जुन्या सीएफएल दिव्याकडे बघा. त्यात पारा असतो, म्हणून सलग पट्ट्याऐवजी सुट्या रेघा दिसतात: फटीपासून सुमारे ८.५ सेंटिमीटरवर निळी-जांभळी, १०.९ वर हिरवी. ही पाऱ्याची ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरची सही. तुमच्या खोक्यात आकडे थोडे वेगळे आले तर या दोन रेघांवरून मोजपट्टी दुरुस्त करून घ्या. पांढऱ्या एलईडीत अशा रेघा नसतात, निळा उंचवटा आणि बाकी सलग पट्टा दिसतो.

मग खोली अंधारी करा. स्टीलच्या चमच्याचं टोक ओलं करून मिठात बुडवा आणि कुणालातरी ते गॅसच्या निळ्या ज्योतीत पकडीनं धरायला सांगा. तुम्ही खोक्यातून बघा. बाकी सगळं काळं आणि ११.९ सेंटिमीटरवर एकच झळझळीत पिवळी रेघ. हा सोडियम, ५८९ नॅनोमीटर. मुलं इथे पहिल्यांदा ओरडतात. सोडियम धातू कुणी पाहिलेला नसतो, तो पाण्यात टाकला तर पेट घेतो म्हणून शाळा तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, आणि इथे तो मिठाच्या डब्यातून निघून स्वतःचं नाव सांगतो. पाण्यात विरघळवलेला चुना प्रयोगशाळेत थोड्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून बघितला तर कॅल्शियमचे नारिंगी आणि हिरवे पट्टे दिसतात. तांब्याची हिरवी ज्योत बघायची तर तीही प्रयोगशाळेतच, खिडक्या उघड्या ठेवून. स्वयंपाकाच्या शेगडीवर मोरचूद नको. तुरटीत पोटॅशियम आहे, पण त्याचा फिका जांभळा रंग सोडियमच्या पिवळ्यात बुडतो, म्हणून त्याला निळ्या कोबाल्ट काचेतून बघतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा ज्योतीत रंग दिसत नाही.

ज्योतीच्या रेघांवरून मूलद्रव्य ओळखायची ही रीत बुन्सेन आणि किर्चहोफ यांनी १८५९–६० मध्ये बसवली आणि तिच्यानंच १८६० मध्ये सीझियम, १८६१ मध्ये रुबिडियम हे दोन नवे धातू सापडले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी ही रीत आपल्या शेजारी पोचली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे आपल्या खोक्यासारखंच प्रकाशाचे रंग सुटे करणारं यंत्र, घेऊन जमखंडीला आला होता. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात. ढगांच्या फटीतून त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत तीन ठळक रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. तांबडी आणि निळी हायड्रोजनच्या. नारिंगी त्यानं सोडियमची मानली. त्याच वर्षी पुढे मोजमाप बारीक झालं तेव्हा ती सोडियमच्या जागेवर नाही, किंचित सरकलेली आहे, ५८७.६ नॅनोमीटरवर, हे कळलं. ती हेलियमची होती, जो पृथ्वीवर १८९५ मध्ये हाती लागला.

तुमच्या खोक्यात सोडियम आणि त्या रेघेमधलं अंतर ०.४ मिलिमीटर पडेल, म्हणजे फटीच्या रुंदीएवढंच. दोन्ही एकमेकींत मिसळतील. त्या सुट्या बघायच्या तर डीव्हीडी लागते. डीव्हीडी दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते. कडेत ब्लेड घालून त्या सोडवा, वरचा पापुद्रा टेपनं काढा. तिच्यात रांगा ०.७४ मायक्रोमीटरवर आहेत, म्हणून तेवढ्याच ३० सेंटिमीटरवर तेच अंतर तीन मिलिमीटर होतं. मात्र सोडियमची रेघ फटीपासून ३९.५ सेंटिमीटर बाजूला पडते आणि बुटांचा खोका त्याला पुरत नाही. मिक्सरचा किंवा पंख्याचा मोठा खोका बघा, निदान ४५ सेंटिमीटर रुंद.